जांभळी कड

मेव्हण्याने परदेशातून भेट म्हणून आणलेली महागडी दुर्बीण आपल्या वीस वर्षं जुन्या दुर्बिणीपुढे पाणी भरते, हे तो रविवारी जेवायला येण्याआधी सिद्ध करायचंच, असा निवृत्त मुख्याध्यापकांनी चंग बांधला. परीक्षेसाठी त्यांनी समोरच्या इमारतीतल्या, एकट्या राहणाऱ्या काकूंची स्वयंपाकघराची खिडकी नेमली. बुधवारपर्यंत नुसता वैताग. दुर्बीण रोखली रे रोखली की काकू हसून हात हलवायच्या आणि मागच्या कॅलेंडरवरचे आकडे झाकायच्या. गुरुवारपासून मात्र त्यांनी शहाण्यासारखा व्यत्यय थांबवला. सरांनी निवांतपणे वहीत गुण मांडले. आकड्यांची स्पष्टता : नवी आठ, जुनी साडेआठ.

शनिवारी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालणारी बायको थबकली.

"अहो, काकूंच्या स्वयंपाकघरातला दिवा भर दिवसा जळतोय. तुम्हाला दिसलं नाही?"

"न दिसायला काय झालं? दोन दिवस जळतोय. तुझ्या भावाच्या दुर्बिणीत त्याच्याभोवती जांभळी कड येते, माझ्या दुर्बिणीत नावालाही नाही. तिथेच तर तो चीत होणार!"

हातातलं ओलं धुणं तिथेच टाकून बायको धावली. शेजाऱ्यांनी दार फोडलं. काकू खिडकीखालीच पडल्या होत्या. श्वास चालू होता.

रुग्णवाहिका निघाली तसा आत काकूंजवळ बसलेल्या बायकोचा फोन वाजला.

"अगं, काकू शुद्धीवर आल्या की त्यांना म्हणावं, सावकाश बऱ्या व्हा, घाई नाही," सर म्हणाले. "पण निघताना तो दिवा कोणी मालवला? आता उद्या तुझ्या भावाला कड कशाभोवती दाखवू?"