जिन्यातली खुर्ची

“हा कोबी तुम्ही डोळे मिटून घेतलात का?” पहिल्याच पायरीवर बायकोने तोफ डागली. “दोन पानं उचलून बघा, आत नुसती भोकं!”

सुतार तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून चढत होता. ही त्याची नेहमीची जागा; ती कलंडली तर सावरता यावी म्हणून. दोघं दवाखान्यातून परतत होती. औषध बदलल्यानंतरची पहिली रक्ततपासणी चांगली आली होती, विषाणू दबलेलाच होता, रक्तात सापडत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. तपासणी आधीही चांगलीच यायची, आणि तरी ती याच जिन्यात भिंतीला धरून उभी राहायची.

औषध बदलायला विरोध त्याचाच होता. “ज्या गोळ्यांनी तुला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्या सोडायच्या? एचआयव्हीशी खेळ नको. थकवा तर थकवा. मी आहे ना.”

“तुम्ही आहात हो,” ती म्हणाली होती, “पण मी कुठे आहे? दिवसभर अंथरुणात. डॉक्टरीणबाई म्हणतात, ही गुंगी जुन्या गोळ्यांचीच असेल. दुसऱ्या आहेत, तर मी घेऊन बघणार.”

तेव्हापासून सुताराच्या जिवाला घोर लागला होता.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची होती. त्यानेच केलेली, उरलेल्या सागवानाची. बायकोला रेटा देऊन उठता यावं म्हणून हात जरा उंच ठेवलेले. आधी शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, मग येताजाता तेच त्या खुर्चीवर टेकू लागले. सुतार मात्र कधी बसला नाही. हिला कधी लागेल काय सांगावं, असं त्याला वाटायचं.

वळण आलं. सवयीने तो थांबला आणि तिच्या हातातली भाजीची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

“आणि त्या भाजीवाल्याला तुम्हीच सापडता बरे! चेहऱ्यावरच लिहिलंय ना तुमच्या, कसलाही माल द्या म्हणून!” तिचा पदर खुर्चीच्या हाताला घासून गेला. खुर्चीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पिशवी हलवत, बोलत बोलत ती वर निघून गेली.

सुतार तिथेच उभा राहिला. दोन वर्षांत तिला या जिन्यात एकच काही जमायचं, चढणं नाहीतर बोलणं. आणि आज ती चढता चढता भांडत होती! स्क्रूच्या डोक्याएवढी ती नवी गोळी. रोज सकाळी तोच तिच्या तळहातावर ठेवायचा, आणि रोज मनातल्या मनात त्या गोळीला शिव्या घालायचा.

वर कुलूप उघडल्याचा आवाज आला.

“अहो! कुठे अडकलात? आता तुम्हाला चढवत नाही का?”

“आलो, आलो,” तो म्हणाला. पण हाताने चाचपत तो खुर्चीत बसला, आज पहिल्यांदाच.

वर कोबीचा उद्धार चालूच होता. डोळे पुसत तो ऐकत राहिला.