सुटती गाठ

जाळीच्या तीन बाजू ताणून झाल्या आणि मुजाहिद चौथीला हात घालणार, एवढ्यात सिंधुबाई प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवत गॅलरीत आल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खुर्ची हीच त्यांची काठी. दोन वर्षांत तिसऱ्या मजल्यावरून त्या खाली उतरल्या नव्हत्या. बसल्या, दम घेतला आणि कठड्याच्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाल्या, "तेवढी जागा सोड बाबा. पाखराला."

मुजाहिद गालात हसला. केजात जा, माजलगावात जा, जाळी मारायला गेलं की घरोघरी अशी एक म्हातारी निघतेच. सुनेची पाठ वळली की पारव्यांना ज्वारी टाकणारी. ही तर सकाळपासून आत बसून गुणगुणत होती,

पाखरू माझं गं बाई, दूर गेलं चाऱ्याला
उभी राहून दारात, वाट पुसते वाऱ्याला

"मावशी, पाखरासाठीच तर जाळी हाय," तो म्हणाला. "एकाला वाट दिली की धा घुसतात."

घुसू नयेत म्हणून तर त्याला बोलावलेलं. सून अंजली हिला दमा. पारव्यांच्या घाणीनं तो उचल खातो, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलगा प्रवीण ऑफिसला जाताना बजावून गेला होता, बोट शिरेल एवढंही भोक राहायला नको. पाच वर्षांची गॅरंटी कागदावर, खाली मुजाहिदची सही.

"पारव्याचं कोन बोलतंय," सिंधुबाई म्हणाल्या.

पदराखालून त्यांनी सुतळीचं गुंडाळं काढलं. हाताळून हाताळून सुतळी मऊ पडलेली. टोकाला मुठीएवढी कापडी पिशवी. ती त्यांनी त्याच्या तळहातावर उपडी केली. एक चावी निघाली, आणि गुळाचा खडा.

मग धागा धागा निघत गेला. खालच्या गेटला दुपारचं कुलूप असायचं. लेक पंचशीला कॉलेजातून उन्हाची यायची आणि रस्त्यावरूनच हाक मारायची, आई, चावी. तीन जिने उतरायचे कुणी, म्हणून ही पिशवी. पोरीच्या हातात चावी, तोंडात गूळ. चार वर्षांमागं तिच्या लग्नावरून बहीण-भावाचं वाजलं. पुण्याला गेली, ती गेलीच. फोन करते कधीमधी. येते म्हणत नाही. येणार नाही असंही म्हणत नाही.

"आली आन् हाक मारली तर?" सिंधुबाई म्हणाल्या. "जाळीतनं पिशवी सोडू कशी? चावी न्हाई आली तर खालूनच माघारी जाईल. लई मानी हाय ती."

स्टँडकडून एसटीचा हॉर्न आला. त्यांची मान तिकडं वळली, आणि आवाज विरेपर्यंत तिकडंच राहिली.

मुजाहिदनं कात्री उचलली, परत ठेवली. त्याला अब्बांची कबुतरांची ढाबळ आठवली. अब्बांची, म्हणजे चाँदभाईंची, कबुतरं अख्ख्या माजलगावात नावाजलेली. सांजेला ढाबळीचं दार लावताना ते लेकाचा हात धरून गाठ शिकवायचे. म्हणायचे, "बांदायला कुनालाबी येतं, बेटा. एका वढीत सुटंल अशी गाठ मार." अब्बा गेले, ढाबळ गेली. आता पोटासाठी तो कबुतरांच्या वाटा बंद करत फिरतो. पण आभाळात थवा वळताना दिसला की हात अजून आपसूक वर जातो.

त्यानं कोपऱ्यात वीतभर जाळी कापली. कापलेल्या जागेवर दुसरा दुहेरी तुकडा झडपेसारखा शिवला आणि झडपेला ती गाठ मारली. ओढली की सुटते, फासा देऊन दाबली की बसते. पाखराची चोच शिरायची नाही. सिंधुबाईंकडून त्यानं ती सात-आठ वेळा करून घेतली. बोटं चुकली, पण शिकली.

"प्रवीणला दिसंल का रे?"

"ही गाठ अब्बाला दिसली असती. दुसऱ्याला न्हाई दिसायची."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, खाली जाऊन बघ, हाताला येते का.

मुजाहिद जिने उतरला. सकाळी ड्रिल आणि जाळीचं बंडल सांभाळत आत शिरताना त्याचं लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं. गेटची एक फळी बिजागरीतून निखळून भिंतीला टेकली होती आणि तिच्यावर कारल्याचा वेल चढला होता. दुसरीची कडीच जागेवर नव्हती. कुलूप कधी होतं, ते फक्त गंजाच्या डागावरून कळत होतं.

वरून पिशवी हलत हलत खाली आली, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर थांबली आणि तिथंच झुलत राहिली.

"येती का रं हाताला?"

त्यानं गेटकडं पाहिलं. मग मान वर करून विचारलं, "उंचीला केवढी हाय ती, मावशी? माझ्याएवढी?"

"न्हाई रं. तुज्या खांद्याला लागंल."

मुजाहिदनं गुडघे वाकवले. आपल्याच खांद्याएवढा झाला. हात वर केला.

"अजून चार बोटं सोडा," तो म्हणाला.