पन्नासची लेन्स

खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, "जड कॅमेरा आता उचलायचा नाही." बावीस वर्षं तळ्याकाठी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कुमुदिनीताईंनी हातभर लांबीची लेन्स विकली. आता एकच हलकी लेन्स घ्यायची होती. दुकानदाराने पस्तीस मिलिमीटरची आणि पन्नासची अशा दोन लेन्स दिवसभर वापरून बघायला दिल्या. "यांत झूम नाही, ताई. जवळ जायचं तर आपल्या पायांनीच."

पहाटे कळंबा तलावावर दाट धुकं होतं. पस्तीसच्या लेन्समध्ये सगळं तळं मावलं, पण बदकं मोहरीएवढी दिसली. पन्नासच्या लेन्समध्येही ती ठिपकेच राहिली. आपली फोटोग्राफी संपली, असं वाटून त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

काठावरच्या दगडावर त्यांचे यजमान बळवंतराव थर्मासमधला चहा ओतत होते. पक्षी उडू नयेत म्हणून इतकी वर्षं ते गुपचूप पाठीमागे थांबत आले होते. चहाची वाफ धुक्यात मिसळत होती, पांढऱ्या मिशांवर दवाचे थेंब जमले होते. ताईंनी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्या हळूहळू पुढे सरकल्या. हलक्या आवाजात बोलता येईल इतक्या जवळ आल्यावर चौकटीत फक्त तो चेहरा उरला.

"अगं, बदकं तिकडं आहेत," बळवंतराव गोंधळून म्हणाले.

"असू देत. तुम्ही हलू नका."

बळवंतरावांनी घाईघाईने मफलर सारखा केला आणि विचारलं, "हसू का?"

"नको. चहा प्या निवांत."

त्यांनी घोट घेतला, तरी हसू आलंच.

दुपारी ताई पस्तीसची लेन्स परत करून आल्या.