मोहिनीची चोळी

"छाती चाळीस, कंबर अडतीस. व्हय, ध्यानात हाय," उमाशंकर फोनवर हळू आवाजात बोलत होता. बायको चहा घेऊन दुकानात आली तसा त्याने फोन ठेवला.

"कुनाचं माप हे?" दानम्माने विचारलं.

"गिऱ्हाइकाचं. जत्रंच्या मिरवणुकीत मोहिनीचं सोंग हाय."

लातुरात सोंगांचे कपडे शिवावेत ते उमाशंकरनेच. जुन्या मच्छरदाणीतून तो परीचे पंख काढी, पुठ्ठ्यातून रावणाची तोंडं. माहेर तोडून केलेल्या नऊ वर्षांच्या संसारात प्रत्येक सोंगाची काजं-बटणं दानम्मानेच केली होती. या मोहिनीला मात्र तो तिला हात लावू देत नव्हता.

चोळीच्या पाठीवर मोर उतरत होता. एकेक टिकली तो सुईने टिपून लावी, मान तिरपी करून बघे, उसवे, पुन्हा लावी. दानम्माच्या साध्या झंपराला त्याला दिवाळीपासून सवड झाली नव्हती. दर गुरुवारी तो फिटिंगला म्हणून औशाला जाई आणि गुणगुणत परत येई.

तो नसताना तिने चोळी अंगाला लावून पाहिली. तिच्यासारख्या दोघी आत मावल्या असत्या. म्हणजे याला भरल्या अंगाची आवडते तर.

"लई देखणी हाय का वो ती?" तिने जेवताना विचारलं.

"तर!" तो हसला. "चालाय लागली की रस्ता थांबतो."

दानम्माने अर्धी भाकरी ताटातच ठेवली.

जत्रेच्या सकाळी तिने नेसायला लग्नातला शालू काढला. त्याचा काठ जागेवर नव्हता. धावत ती दुकानात गेली. चोळी केव्हाच रवाना झाली होती, टेबलावर जरीचे चार तुकडे तेवढे उरले होते.

ती रडली नाही. कात्री कमरेला खोचून मिरवणुकीकडे निघाली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोहिनी नाचत होती. तोंडावर पदर, गळ्याशी दानम्माच्या शालूची जर. हलगीवर तिने पाठ फिरवली की मोर पिसारा हलवी आणि लोक शिट्ट्या मारत. खाली उभा उमाशंकर तिच्याकडे डोळे भरून बघत होता. आपल्याकडे तो असा कधी पाहत होता, हे दानम्माला आठवेना.

गर्दी फोडून ती ट्रॉलीवर चढली. एका हाताने तिने चोळीचा गळा धरला, दुसऱ्याने कात्री उपसली.

"दाव तोंड! माज्या लग्नाची जर लावून मिरवतीस व्हय गं?"

हलगी थांबली. मोहिनीने पदर सारला. रंगवलेल्या ओठांभोवती दाढीचे पांढरे खुंट होते. दानम्माच्या लग्नाला न आलेल्या, त्यानंतर नऊ वर्षं तिचं नावही न घेतलेल्या बापाने तिचं मनगट धरलं.

"फाडू नगंस, दानू. जावयानं लई जीव लावून शिवलीय."