कोरं तिकीट

"मानवजातीचा खरा इतिहास रणांगणावर लिहिला जात नाही, विहीणबाई. तो तिकिटाच्या डिंकाच्या बाजूला लिहिलेला असतो!" दातांच्या निवृत्त डॉक्टरांनी जाहीर केलं, आणि कपाळावरचा घाम इतिहासावर टपकू नये म्हणून घाईघाईने मान मागे घेतली.

पंखा बंद होता. अल्बम उघडला की त्या घरात पंखा बंद व्हायचा, खिडक्या मिटायच्या, आणि कोणाला शिंक आलीच तर त्याने व्हरांड्यात जाऊन शिंकायचं. विहीणबाई, म्हणजे डॉक्टरांच्या मुलीच्या सासूबाई, सोफ्याच्या टोकावर बसून रुमालाने मान पुसत होत्या.

"जन्मभर लोकांचे दात उपटले, आता तिकिटांचे दाते मोजतात," डॉक्टरांच्या पत्नी पाण्याचे पेले ठेवत म्हणाल्या. "निदान ही बोंबलत तरी नाहीत."

डॉक्टरांनी तिकडे कानाडोळा केला. युद्धातल्या लष्करी पार्सलांच्या तिकिटांचं पान समोर होतं. फिकं तपकिरी, गडद तपकिरी, बारीक दात्यांचं, मोठ्या दात्यांचं. मधोमध एक चौकोन रिकामा, पडलेल्या दाढेसारखा. विहीणबाईंकडे एक जुनं तिकीट आहे, असं मुलीच्या तोंडून निसटलं होतं. आजचं जेवणाचं आग्रहाचं आमंत्रण त्यातूनच निघालं होतं.

विहीणबाईंनी पर्समधून कागदाची घडी काढली, उलगडली आणि आत बोट घातलं.

"हात नका लावू!" डॉक्टर ओरडले. मग जरा ओशाळून त्यांनी चिमटा पुढे केला, तिकीट उचललं, भिंगाखाली धरलं. "अरे वा! कडेला दाते नाहीत, नुसत्या चिरा! हेच हवं होतं. आणि कोरं! शिक्का नाही, डिंक शाबूत! किंमत छापलेली नाही, पाहिलंत? हे विकत मिळायचंच नाही. आघाडीवरच्या शिपायाला मिळायचं. तो पत्रातून घरी धाडायचा. घरच्यांनी पार्सलावर चिकटवलं, तरच पार्सल त्याच्यापर्यंत जायचं. नाहीतर नाही."

"हो," विहीणबाई म्हणाल्या. "दादाने धाडलं होतं."

डॉक्टर भिंगातून बाहेर आले नाहीत. "आणि तुम्ही वापरलं नाहीत! केवढी दूरदृष्टी!"

"अहो," पत्नी म्हणाल्या.

"दूरदृष्टी कसली! दादाने पायमोजे मागितले होते. घरात होते ते रफू केलेले. असले पाठवायची आईला लाज वाटली. जरा बरं काही जमू दे, म्हणाली."

"मग?" भिंग खाली आलं.

"जमलं की. लोकर मिळाली, मोजे विणून झाले. तोवर पत्ताच उरला नव्हता."

पत्नी रिकामा ट्रे मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. पानाच्या तळाशी डॉक्टरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सर्व कोरी, निर्दोष.' ते अक्षर अंगठ्याखाली झाकता येईल का, हे त्यांनी पाहून घेतलं. येत नव्हतं.

विहीणबाईंनी वाकून पान निरखलं. "यात शिक्का बसलेलं एकही नाही?"

"होतं एक," डॉक्टर म्हणाले. "खराब म्हणून... देऊन टाकलं."

"अच्छा. म्हणजे एक पोचलं होतं."

हयातभर परक्यांच्या जबड्यात डोकावलेल्या डॉक्टरांना समोरच्या चेहऱ्याकडे बघवेना. चिमट्यातलं तिकीट रिकाम्या चौकोनाच्या जरा वर अडून राहिलं. हात खालीही जाईना, मागेही येईना.

"ठेवा ना," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच आणलंय. माझ्याकडे एकटंच पडून होतं. इथे सोबत आहे."

डॉक्टरांचे कान लाल झाले.

"एक बोलू का, डॉक्टर? रागावणार नसाल तर."

"बोला ना," डॉक्टर म्हणाले. खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटचा असतो, तसा त्यांचा आवाज झाला होता.

"पंखा लावता का जरा?"