गेमची आवराआवर

प्रितमनं छोट्याशा कॉम्प्युटरवर जुने पार्लरमधले व्हिडिओ गेम भरून तो टीव्हीला जोडला होता. आजारी उर्वशीचा तेवढाच विरंगुळा. रोज संध्याकाळी नवराबायको एकमेकांविरुद्ध खेळत. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते त्यानं तिला कळू दिलं नव्हतं. "कमजोरी आहे, बरं वाटन तुले," एवढंच तो म्हणायचा.

आज तो लाखांदूरहून औषधं घेऊन आला, तर तिनं दुपारभर बसून सगळे गेम नीट लावून ठेवले होते. पण निम्मेच दिसत होते.

"दोघांनी खेळायचे गेम कुठं गेले?"

"काढून टाकले."

"काहून?"

"पुढं तुमाले एकट्यालेच खेळा लागन ना," उर्वशी म्हणाली.