शुक्रवारची मिस्सा

लवीनाचा फोन बंद होता. पॉलीननं पुन्हा लावला. पुन्हा रेकॉर्डवरची तीच बाई अगम्य भाषेत काहीतरी सांगून गप्प झाली. दोहाजवळच्या मुऐदरमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत एसी घरघरत होता, आणि टेबलावर भात नि सुक्या बोंबलाचं कालवण निवत चाललं होतं. शुक्रवार होता. चर्चमधली सकाळची मिस्सा करून पॉलीन नि तिचा नवरा नॉरबर्ट घरी आले तेव्हा लेकीचा मेसेज येऊन पडला होता, ‘चर्चला निघालेय.’ त्यानंतर चिडीचूप.

लेक फिनलंडला. तेही हेलसिंकीत वगैरे नव्हे, पार रशियाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावात, वृद्धाश्रमात नर्स म्हणून. पॉलीननं नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला होता. जंगल, तळं, जंगल, तळं, आणि मध्ये नावाला चार घरं. इथं रस्त्यात माणूस दिसला तर आम्ही हात हलवतो, असं लवीना हसत सांगायची. पॉलीनला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

थंडीत बॅटरी झटकन उतरते, तू आधी जेव, असं नॉरबर्ट म्हणाला. त्याचा स्वतःचा घास ताटात तसाच होता.

पॉलीनही नर्सच, इथल्या हॉस्पिटलात. उन्हानं कोसळलेली माणसं तिनं ढिगानं पाहिली होती. थंडी माणसाला काय करते ते मात्र तिनं पुस्तकातच वाचलेलं, आणि मेलं ते सगळं नेमकं आत्ताच आठवत होतं. आधी बोटं जातात. मग म्हणे छान झोप येते. तिनं वृद्धाश्रमात फोन लावला. तिथली बाई सावकाश इंग्रजीत म्हणाली की लवीनाची आज सुट्टी आहे, चर्चपर्यंत बसनं गेली असेल, पण परतीची बस आता संध्याकाळीच. कुणाला तरी गाडी घेऊन पाठवते, थोडा वेळ लागेल. चर्चमध्ये चार माणसं असतीलच ना, असं पॉलीननं विचारलं. पलीकडची बाई म्हणाली,

“आज? पण आज शुक्रवार आहे.”

तिथं चर्च शुक्रवारी बंद असणार, हे पॉलीनच्या आत्ता लक्षात आलं.

आता यात लेकीची काय चूक? त्या गावात कॅथलिक चर्च नाही, थोडी ऑर्थोडॉक्स घरं आहेत, त्यांचं गावापासून लांब एक लाकडी चर्च आहे, हे लवीनानं कळवलं तेव्हा पॉलीननंच इथल्या फादरना गाठलं. आपलं चर्च नसेल तर तिथं जाऊन प्रार्थना करायला हरकत नाही, म्हणाले. झालं. ऑर्थोडॉक्स तिला परके नव्हते. दोहात एकाच आवारात त्यांचंही चर्च, शुक्रवारी मल्याळी बायकांची ही गर्दी. तिनं लेकीला बजावलं, शुक्रवार चुकवू नकोस. लवीनाचा जन्मच दोहाचा. इथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारी. रविवार म्हणजे शाळा, युनिफॉर्म, डबा. उरलेल्या जगात चर्च रविवारी भरतं, हे मायलेकींना ठाऊक नव्हतं थोडंच! पण इतक्या वर्षांची सवय, दोघींच्याही डोक्यात आलं नाही. पॉलीन तर वसईत वाढलेली, दर रविवारी बापाच्या मागं मागं मिस्साला गेलेली. तिला काय धाड भरली होती?

“मी पाठवलं तिला,” ती नॉरबर्टला म्हणाली. “बंद दारापुढं. मीच.”

तो उगाच पाण्याचा ग्लास घेऊन आला. पॉलीननं मनाशी ठरवून टाकलं, एकदा तिचा आवाज कानावर पडू दे, की सांगायचं, खलास, पुरे झाली ती नोकरी, मिळेल त्या विमानानं घरी ये.

फोन वाजला, व्हिडिओ कॉल. लवीनाच. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, घोंगडीत गुंडाळलेली, नाक लालभडक. पॉलीननं आधी तिला दोन्ही हात कॅमेऱ्यापुढं धरायला लावले, एकेक बोट हलवून दाखवायला लावलं, आणि मग ती हमसून रडली.

लवीनानं सगळं सांगितलं. चर्चला कुलूप होतं. तिला वाटलं आपणच लवकर आलो, येतील आता लोक. दोहात आधी जाऊन उभं राहिल्याशिवाय कधी जागा मिळालीय का? म्हणून ती पायरीवर उभी राहिली, आणि उभीच राहिली. फोन गारठून बंद पडला. शेवटी समोरच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली. तिनं काही विचारलं नाही, किल्ली काढून दार उघडलं. दोन मेणबत्त्या लावल्या आणि एकटीच्या आवाजात गाऊन प्रार्थना म्हटली. मग हिला घरी आणून चुलीपाशी बसवलं, तिथं ऊब लागून फोनही चालू झाला.

म्हातारी फोनमध्ये डोकावली. पॉलीननं इथून हात जोडले.

“तिला सांग, चूक तुझ्या आईची होती,” पॉलीन म्हणाली. “आणि आता तू माझं ऐक.”

घाबरली की लवीना इंग्रजीत बोलायची. आता ती मराठीत बोलली, अगदी हळू.

“नाही सांगणार, मम्मी. इथं रविवारीसुद्धा कुणी येत नाही. फादर लांबून येतात, तेही कधीमधी. ती बोलली ते मी फोनवर ट्रान्सलेट करून वाचलं. चर्चच्या दारात कुणी वाट बघत उभं आहे, असं तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणे. पुढच्या शुक्रवारी ती पायऱ्यांवरचा बर्फ काढून ठेवणार आहे.”

नॉरबर्ट पॉलीनकडे बघत राहिला. विमानाचं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं त्याला दिसत होतं. तिनं पदर नसलेल्या खांद्याशी उगाच हात नेला, मग तळव्यानंच डोळे पुसले.

“मग वेळेवर जा,” ती म्हणाली. “म्हातारीला थंडीत ताटकळत ठेवू नकोस.”